पाहुणी नाही, भाडेकरू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मार्चमध्ये फायास हा सण असतो; त्याच्या गोंगाटाची तक्रार मी लिहिली होती, त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘परदेशात पाहुणे म्हणून राहता आणि यजमानाच्या सणाला नावं ठेवता? आवाज सोसत नसेल तर गावाबाहेर घर घ्या. पुण्यात गणपतीत नाचलाच असाल ना?’ उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाचले नाही, ढोल वाजवला. चार वर्षं पथकात होते, कमरेला काळेनिळे वळ घेऊन घरी यायचे. मिरवणूक अडली की लक्ष्मी रोडवर एखाद्या खिडकीखाली तास-तास वाजवत उभे असायचो. त्या खिडकीमागे कुणी आजारी असेल, कुणाचं तान्हं बाळ असेल, हे तेव्हा एकदाही डोक्यात आलं नाही. आता येतं, कारण आता खिडकीच्या आत मी आहे. तेवढा टोला मान्य. सकाळच्या फटाक्यांना मी ‘रानटी’ म्हटलं होतं, तो शब्दही मागे घेते. झोपमोड झालेल्या डोक्याने लिहिला होता.

पण ‘पाहुणी’ काही पटलं नाही. पाहुणा चार दिवस राहतो, गोड बोलतो, गोड खातो आणि जातो. फायास बघायला हॉटेलात उतरलेल्या माणसाला सगळंच सुंदर दिसतं, कारण २० तारखेला त्याचं विमान असतं. मी रुसाफा वस्तीत सहा वर्षं भाडं भरतेय. घर घेतलं नोव्हेंबरमध्ये. घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘वस्ती फार आनंदी आहे.’ त्याचा अर्थ मार्चमध्ये कळला.

आणि सरसकट आवाजाविरुद्ध मी लिहिलंच नव्हतं. १ ते १९ मार्च, रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता, म्हणजे फटाक्यांची माळच माळ, होते. भर उन्हात, म्हणजे बघायला धुराशिवाय काही नाही, सगळा खेळ आवाजाचा. पाच-सात मिनिटं. सुरुवातीला सुटे बार, मग लय चढत जाते आणि शेवटच्या मिनिटाला आवाज कानात नाही, बरगड्यांत वाजतो. तोंड जरा उघडं ठेवा, असं जुनी माणसं सांगतात. मी ऑफिसातून डबा अर्धा टाकून धावत जाते. ताशाची तर्री ज्याने ऐकलीय त्याला हे समजवावं लागत नाही.

माझी तक्रार आहे ती रात्रीची. १५ तारखेला चौकाचौकांत लाकूड, पुठ्ठा, थर्माकोलच्या टोलेजंग फाया, म्हणजे पुतळ्यांचे देखावे, उभ्या राहतात. त्या १९ च्या रात्री जाळतात. मधल्या रात्री रस्त्यावर मांडव, स्पीकर, नाच, पहाटेपर्यंत. डोळा लागतो न लागतो तोच आठ वाजता देस्पेर्ता: बँडच्या साथीने मंडळाची माणसं गल्लीतून जमिनीवर आपटबार फोडत जातात, शेजाऱ्यांना उठवायला! आमच्या ऑफिसला सुट्टी फक्त १९ ची.

हे रडगाणं परकीचंच आहे, असं समजू नका. इथल्याच एका बाई १९७० पासून त्याच घरात राहत होत्या. आसपासच्या बार-डिस्कोंनी रात्रीची झोप उडवली. पालिकेने १९९६ च्या डिसेंबरात तो भाग अतिगोंगाटाचा म्हणून जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्याच इमारतीत डिस्कोला परवाना दिला! बाई थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या आणि २००४ साली स्पेनविरुद्ध जिंकल्या. रात्रीचा गोंगाट म्हणजे घराच्या हक्कावरच घाला, असं कोर्टाने मानलं. त्यांना कोणी ‘गावाबाहेर राहा’ म्हटलं असेलच. हे वाक्य सगळ्या भाषांत असतं.

माझ्या शेजारच्या सेन्योरा सत्तरीच्या. लहानपणापासून फायेरा, म्हणजे फायासच्या मंडळातल्या. मेरीमातेला फुलं वाहण्याची मिरवणूक टीव्हीवर लागली की अजून डोळे पुसतात. २०२० साली कोविडमुळे फायास रद्द झाली तेव्हा आठवडाभर नीट जेवल्या नव्हत्या. आणि हीच बाई दरवर्षी १५ तारखेला पिशवी भरून लेकीकडे गावाला पळते. जिन्यात भेटल्यावर मांडववाल्यांना ज्या शिव्या घालते, त्या मी इथे लिहू शकत नाही.

यंदा जाताना कुंड्यांना पाणी घालायला त्यांनी मला किल्ली दिली. त्यांची झोपायची खोली रस्त्याकडे नाही, इमारतीच्या आतल्या मागच्या चौकाच्या बाजूला आहे. १६ पासून मी तिथेच झोपले. रस्त्याचा आवाज येतो, पण भिंतीपलीकडून आल्यासारखा.