आधार दाखवून 'चॅलेंज वोट'? असं काही नसतं

इलेक्शन आलं की पुण्यातल्या झाडून सगळ्या सोसायटी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो. यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि 'कलम 49ए' खाली चॅलेंज वोट मागा, तुमचं मत दुसऱ्याने टाकलं असेल तर टेंडर वोट मागा, आणि बूथवर 14 टक्क्यांच्या वर टेंडर वोट झाले तर तिथे फेरमतदान. खाली 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा' असतंच.

आधी ते 49ए. 1961 च्या निवडणूक नियमांमधला 49ए हा नियम ईव्हीएम मशीन कसं असावं याबद्दल आहे, म्हणजे कंट्रोल युनिट, बॅलट युनिट वगैरे. तुमच्या आधार कार्डाचा तिथे काय संबंध?

चॅलेंज वोट म्हणून जे काही आहे ते 49जे मध्ये आहे, आणि ते बरोब्बर उलटं आहे. चॅलेंज मतदार करत नाही, तो पोलिंग एजंट, म्हणजे बूथवर बसलेला उमेदवाराचा माणूस, करतो, "हा माणूस तो नव्हेच" म्हणून, आणि त्यासाठी त्याला केंद्राध्यक्षाकडे रोख 2 रुपये भरावे लागतात. (हो, अजूनही दोनच.) म्हणजे चॅलेंज झालाच तर तो तुमच्यावर होणार. यादीत नाव नसलेल्याला मत देता येत नाही हे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 62 मध्ये सरळ लिहिलंय. आधार काय किंवा अगदी वोटर कार्ड काय, तुम्ही कोण एवढंच सांगतं, नाव यादीत आहे का ते नाही.

टेंडर वोट मात्र खरा आहे, नियम 49पी. यादीत नाव आहे पण आपल्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेलंय असं असेल तर केंद्राध्यक्ष चार प्रश्न विचारतो, खात्री पटली की कागदी मतपत्रिका देतो, मशीनवर बटण दाबायला मिळत नाही. ती पत्रिका वेगळ्या पाकिटात सील होते आणि नेहमीच्या मोजणीत धरतच नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं तरच तिचा विषय निघतो. 2008 च्या विधानसभेला राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने पडले तेव्हा टेंडर मतांचा वाद पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.

14 टक्के? असा नियमच नाही. फेरमतदान होतं ते मशीन बिघडलं, पळवलं, बूथ ताब्यात घेतलं असल्या कारणांनी, आणि तो निर्णय निवडणूक आयोगाचा.

आता लोक हे का फॉरवर्ड करतात ते कळतं. 2014 च्या लोकसभेला पुण्यात कितीतरी जणांची नावं गायब होती, लोक कार्ड हातात घेऊन तसेच परत गेले, तो राग खराच आहे. पण हा मेसेज वाचून माणूस निवांत होतो, नाव नसलं तर बघू बूथवर म्हणतो, आणि मग मतदानाच्या दिवशी उन्हात त्या बिचाऱ्या केंद्राध्यक्षाशी, जो बहुतेक कुठल्यातरी शाळेतला मास्तर असतो, हुज्जत घालत बसतो आणि मागची लाइन खोळंबते. त्या दिवशी त्याच्या हातात काहीच नसतं कारण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवीन नाव घालताच येत नाही.

त्यामुळे नाव आत्ताच बघा, निवडणूक आयोगाच्या ॲपवर दिसतं, नाहीतर 1950 ला फोन लावा. नसेल तर नवीन नाव नोंदवायचा फॉर्म 6. आणि पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला देऊन वाघोलीला गेलेल्यांनी, ज्यांचं नाव अजून कसब्यातच आहे, त्यांनी पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरायचा.