"मेलेला मासा शोधू नका" या मेसेजला उत्तर

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडच्या रीफ टँकवाल्यांमध्ये (घरी खाऱ्या पाण्यात कोरल आणि समुद्री मासे पाळणाऱ्यांमध्ये) एक मेसेज फिरतोय : "खडकात मासा मेला आणि दिसत नसेल तर शोधू नका. खेकडे-गोगलगायी खाऊन टाकतात, बाकीचं बॅक्टेरिया बघतात. पाणी स्वच्छ दिसतंय तोवर काही होत नाही. फार तर पाणी बदला." नवे लोक हे वाचून निर्धास्त होतात, म्हणून लिहितोय.

"खेकडे-गोगलगायी खाऊन टाकतात." क्रोमिससारखा बोटभर मासा, जुना मुरलेला मोठा टँक, भरपूर हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) आणि ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री अळ्या) असतील तर खरंच रातोरात फडशा पडतो. पण खाल्लेलं टँकबाहेर जात नाही. तेच प्राणी ते अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात. तळहाताएवढा टँग मासा शंभर लिटरच्या टँकमध्ये मेला असेल तर कुणीही खावो, त्याचा सगळा भार त्याच पाण्यावर पडणार.

"बॅक्टेरिया बघतात." बघतात, म्हणजे अमोनिया पचवतात, पण त्यांची संख्या रोजच्या खाण्याच्या हिशोबाने वाढलेली असते. एकदम मोठं ओझं आलं की ती पुरत नाही, आणि टँक काही महिन्यांचाच असेल तर मुळीच नाही. शिवाय रीफचा सामू (pH) 8.2 च्या आसपास असतो. सामू 7 असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत इथे तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट भरतो. कुजवणारे बॅक्टेरिया ऑक्सिजनही ओढतात. 25 अंशाला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला सव्वासहाच्या आसपास. आपल्याकडचा मे महिना, पाणी थंड ठेवणारा चिलर नाही, त्यात लाइट गेली आणि पाणी हलवणारा वेव्हमेकर पंप थांबला की दगावतात ते जिवंत उरलेले मासे. मला या मेसेजची खरी भीती इथे वाटते.

"पाणी स्वच्छ दिसतंय." अमोनियाला रंग नसतो. टेस्ट किटच सांगेल. कोरल मिटलेले, स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) अचानक उतू जाणारा, झाकण उघडताच कुजका वास, यातलं काही दिसलं तर लगेच टेस्ट करा.

"फार तर पाणी बदला." समुद्रकाठच्यांना हे सोपं वाटेल. आपल्याकडे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी आरओ फिल्टरमधून काढायचं, एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया घालवायचं आणि वर महागडं सॉल्ट मिक्स (समुद्री पाणी बनवायचं मीठ). 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात मासा वेळेत बाहेर काढणं हाच स्वस्त उपाय आहे.

मात्र मेसेजमागची एक भीती रास्त आहे : सगळा खडक उपसू नये. रचना कोसळते, खोल वाळू ढवळली तर तळातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वर येतो. आधी टँकमागची फरशी, ओव्हरफ्लो (पाणी खाली उतरायचा कप्पा) आणि सम्प (खालची फिल्टरची टाकी) बघा. रॅससारखे मासे उडी मारतात, आणि आपण खडकात शोधत बसतो. रात्री दिवे बंद करून टॉर्च मारा. हर्मिट आणि ब्रिसल वर्म जिथे घोळका करून बसलेत, तिथेच बहुधा मासा असतो. टर्की बास्टरने (रबरी फुगा असलेल्या मोठ्या ड्रॉपरने) त्या कपारीत पाण्याचा झोत मारा, लांब चिमट्याने ओढा. हातात ग्लोव्हज हवेतच. झोअँथिड जातीच्या काही कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन हे घातक विष असतं, आणि बोटावरच्या जखमेतून ते आत जाऊ शकतं. अंग शाबूत सापडलं तर त्यावर पांढरे ठिपके किंवा भुकटी आहे का बघा. रोग असेल तर उरलेल्या माशांसाठी लगेच हालचाल करावी लागते.

नाहीच सापडला तर हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावा, फिल्टरमध्ये ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन टाका, खाणं कमी करा, सकाळ-संध्याकाळ अमोनिया मोजा. शून्यावर राहिला तर खडकाला हात लावू नका. चढू लागला तर मिसळून ठेवलेल्या, त्याच तापमानाच्या आणि खारेपणाच्या पाण्याने चौथा हिस्सा बदला आणि संशयाच्या जागचा तेवढाच दगड उचला.