संगणक चुका पकडतो, मग मुद्रितशोधक कशाला?

सध्या एक मजकूर बराच फिरतोय: ‘शुद्धलेखन आता संगणक तपासतो. वाचकाला अर्थ कळला की झालं. आणि लेखकाइतकं त्याचं लेखन दुसऱ्या कोणाला कळणार? तेव्हा प्रसिद्धीआधी मुद्रितशोधन म्हणजे निव्वळ वेळखाऊपणा.’ तो पुढे ढकलणाऱ्यांत लिहिणारी मंडळीही आहेत, म्हणून हा खटाटोप.

आधी संगणक. टंकताना अक्षर निसटलं तर तो पकडतो, हे मान्य. पण ‘दिन दुबळ्यांचा कैवारी’ या ओळीखाली तो लाल रेघ मारत नाही, कारण ‘दीन’च्या जागी पडलेला ‘दिन’ हाही त्याच्या कोशातला शब्द. गळलेला शब्द तर त्याला दिसतच नाही. १६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलच्या एका आवृत्तीत ‘व्यभिचार करू नको’ या आज्ञेतला नकारच गळाला आणि उरलं ‘व्यभिचार कर’! मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. त्या ओळीतला उरलेला प्रत्येक शब्द शुद्ध होता. निव्वळ शब्द तपासणारं साधन आजही ती बिनतक्रार सोडून देईल.

‘अर्थ कळला की झालं’ हे गप्पांपुरतं ठीक. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम मिळत नाही त्यांच्या यादीत शेवटच्या कामाआधी स्वल्पविराम नव्हता. त्यावरून एका दूध कंपनीच्या चालकांनी दावा लावला आणि २०१८ मध्ये कंपनीला ५० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. अर्थ दोन्ही बाजूंना कळलाच होता, फक्त वेगवेगळा.

राहिला लेखक. त्याला मजकूर जवळजवळ पाठ असतो, त्यामुळे कागदावर नसलेला ‘नाही’सुद्धा त्याला दिसतो. मोठ्या टायपातलं शीर्षक तर कोणी वाचतच नाही, नुसतं बघतात.

त्यात शेवटच्या घटकेच्या दुरुस्त्या! कथेतल्या ‘राम’चा एका फटक्यात सगळीकडे ‘श्याम’ केला की नायक खुर्चीत ‘आश्यामात’ बसतो. अशा बदलानंतर मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचायला हवा, आणि नेमका तेव्हाच लेखक कंटाळलेला असतो. त्या वाचनासाठी तरी तो मजकूर ज्याने आधी पाहिलेला नाही असा माणूस गाठावा.