जगन्नाथ कधीच हरले नाहीत म्हणे? मग 1995 चं काय?

मॉरिशसचे माजी पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्यावरचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. फोटो आणि खाली लांबलचक मजकूर, की या माणसाने मॉरिशसला स्वातंत्र्य मिळवून दिलं, आयुष्यात एकही निवडणूक हरला नाही, एकट्याच्या जोरावर गरीब बेट श्रीमंत केलं आणि शेवटी जनतेनेच प्रेमाने त्यांच्या मुलाला खुर्चीवर बसवलं. आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर दोन दिवसांत तीनदा आला. मला जगन्नाथांबद्दल आदर आहे आणि म्हणूनच लिहितोय, कारण यातलं बरंचसं चूक आहे आणि त्यांचं जे खरंच मोठं काम आहे ते त्यात आलेलंच नाही.

आधी स्वातंत्र्य. ते मिळालं 12 मार्च 1968 ला, आणि तेव्हा नेते होते लेबर पार्टीचे शिवसागर रामगुलाम. जगन्नाथ 1963 ला निवडून आले होते, स्वातंत्र्याची बोलणी झाली त्या 1965 च्या लंडनमधल्या लँकेस्टर हाऊस परिषदेलाही होते, पण 1967 ला राजकारण सोडून मॅजिस्ट्रेट झाले. त्यांच्या काळात झालं ते प्रजासत्ताक, 12 मार्च 1992 ला. तारीख तीच असल्यामुळे कोणाचा तरी घोळ झाला असावा.

आता "एकही निवडणूक हरला नाही". अहो, 1995 ला त्यांची स्वतःची सीट गेली! मॉरिशसच्या मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकातून 3 जण, म्हणजे 60 जागा, आणि त्या साठच्या साठ शिवसागरजींचा मुलगा नवीनचंद्र रामगुलाम आणि एमएमएम पक्षाचे नेते पॉल बेरांझे यांच्या आघाडीने घेतल्या. यात आपल्या मराठी माणसाने लक्ष द्यावं अशी एक गोष्ट आहे. प्राथमिक शाळेच्या परीक्षेत पौर्वात्य भाषांचे मार्क गुणक्रमात धरायचे, म्हणजे हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर तिथे शिकवली जाणारी मराठीसुद्धा, यासाठी जगन्नाथांना घटनादुरुस्ती करायची होती. ती संसदेत पडली, त्यांनी मुदतीआधीच निवडणूक लावली आणि सगळंच गेलं. कोकणातून मजुरीला गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे अजून मराठी शिकतायत, त्यांच्या भाषेच्या मार्कांचा प्रश्नही त्या निवडणुकीच्या मुळाशी होता, हे किती जणांना माहितीय?

आणि हेच साठ-शून्य 1982 ला त्यांच्याच बाजूने लागलं होतं. तेव्हा शिवसागर रामगुलाम स्वतः पडले आणि जगन्नाथ पहिल्यांदा पंतप्रधान झाले. वर्षभरात तेव्हा त्यांच्याच पक्षात असलेल्या बेरांझेंशी फाटलं, बहुतेक मंत्री सोडून गेले, मग एप्रिल 1983 ला त्यांनी स्वतःचा एमएसएम पक्ष काढला आणि ज्या लेबर पार्टीला हरवलं होतं तिलाच बरोबर घेऊन ऑगस्टमध्ये पुन्हा जिंकले. ज्यांना खुर्चीवरून उतरवलं त्या शिवसागरजींना त्याच वर्षी गव्हर्नर जनरल केलं गेलं. 1991 ला आणि 2000 ला परत बेरांझेंबरोबर. म्हणजे "एकट्याच्या जोरावर" हे राजकारणातही खरं नाही, प्रत्येक विजय आघाडीचाच होता.

अर्थकारणातही तेच. 80 च्या दशकात कपड्यांचे कारखाने धडाधड उभे राहिले, गावागावातल्या बायका मशीनवर बसून पगार घरी आणायला लागल्या, त्याचं श्रेय त्यांच्या सरकारला द्यायलाच पाहिजे. पण निर्यात कारखान्यांना सवलती देणारा कायदा 1970 चा, शिवसागर रामगुलामांच्या काळातला. युरोपने दरवर्षी जवळपास 5 लाख टन साखर ठरलेल्या चांगल्या भावाने घ्यायची हा करार 1975 चा. हिशोब सांभाळणारे अर्थमंत्री विष्णू लछमीनारायडू, त्यांचं तर मेसेजमध्ये नावसुद्धा नाही.

मुलाचं म्हणाल तर 23 जानेवारी 2017 ला वडिलांनी राजीनामा दिला आणि प्रविंद पंतप्रधान झाले, मध्ये निवडणूक झालीच नाही. संसदेत बहुमत होतं, कायद्यात बसत होतं, पण जनतेने बसवलं हे चूक आहे, आणि मला व्यक्तिशः ते पटलं नव्हतं. प्रविंदना 2019 ला मतं मिळाली हे खरं, पण 2024 ला मुख्य बेटावर परत साठ-शून्य आणि त्यांचीही सीट गेली. याउलट 2003 ला याच जगन्नाथांनी आधी ठरलेला शब्द पाळून बेरांझेंना पंतप्रधानपद दिलं होतं. बेरांझे फ्रेंच वंशाचे, हिंदू नसलेले तिथले पहिले पंतप्रधान. मुलाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगायची आणि ही गाळायची, हे मला खटकतं.

आणि ते मेसेजमधून राहिलेलं मोठं काम, हिंद महासागरातली चागोस बेटं! 1965 ला स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली. सप्टेंबर 2018 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 88 वर्षांचे जगन्नाथ उभे राहिले आणि म्हणाले की त्या लँकेस्टर हाऊसच्या परिषदेत भाग घेतलेल्यांपैकी आता मी एकटाच जिवंत आहे. वकील कितीही मोठा आणला तरी हे दुसरं कोणी सांगू शकलं नसतं. 25 फेब्रुवारी 2019 ला कोर्टाने 13 विरुद्ध 1 ने मत दिलं की ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. जगन्नाथ जून 2021 मध्ये गेले, बेटं परत करण्याच्या करारावर सह्या झाल्या मे 2025 ला.