साठ दिवस कधी संपतच नाहीत

परवा संध्याकाळी दाद्या कट्ट्यावर आला, तो हातातली फाईल पाराच्या कठड्यावर आपटतच. रामराम नाही, चहा सांगणं नाही. "आणखी एक त्रुटी निघाली," एवढंच म्हणाला आणि बसला.

त्रुटी हा शब्द आम्ही सात महिने ऐकतोय. दाद्याचं मातीचं घर गेल्या पावसाळ्यात एका अंगाने खचलं, म्हणून पाडावं लागलं. जागा त्याची स्वतःची, तीन गुंठे. तिथं खाली तीन खोल्या आणि वर दोन, एवढंच बांधायचंय. त्यासाठी नगरपालिकेत बांधकाम परवानगीचा अर्ज टाकलाय आणि तोवर म्हाताऱ्या आईला घेऊन तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोय.

"आता काय काढलंय?" मास्तरांनी विचारलं.

"पावसाचं पाणी साठवायची व्यवस्था नकाशात दाखवली नाही म्हणे."

ताई आमच्यातली एकटीच सिव्हिल इंजिनिअर. तिने फाईल ओढून घेतली. "अरे, ती अट पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला आहे. तुझा तीनशे तीन. ही त्रुटी लागूच होत नाही."

"मग मी काय करू? त्यांनी लिहिलंय. मी नाही म्हटलं की फाईल खाली जाते."

आधीच्या त्रुटी त्याने बोटांवर मोजल्या. पहिल्यांदा मोजणी नकाशा जुना आहे म्हणाले. भूमी अभिलेखकडे पैसे भरून नवी मोजणी आणली, त्यात दोन महिने गेले. मग समोरच्या रस्त्याची रुंदी नकाशावर लिहिलेली नाही. ती लिहिली. मग उताऱ्यावर मयत चुलत्याचं नाव अजून आहे, ते कमी करा. तेही केलं. यातली प्रत्येक गोष्ट पहिल्याच दिवशी फाईलमध्ये दिसत होती. मोजणी बघणाऱ्याला शेजारच्या पानावरचा उतारा दिसला नाही, असं होत नाही. मी दोनदा त्याच्याबरोबर गेलो होतो. दोन्ही वेळा साहेब जागेवर नव्हते.

अण्णा इतका वेळ गप्प होते. नगरपालिकेतच लिपिक म्हणून त्यांची नोकरी संपली, त्यामुळे हा विषय निघाला की सगळे त्यांच्याकडे बघतात आणि त्यांना ते आवडत नाही.

"तुम्ही नुसते साहेबाला धरून बसता," ते म्हणाले. "नगररचनेचा माणूस एक. त्याच्याकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार. आठवड्यातून दोन दिवस इथं. तेवढ्यात जोता तपासणी, म्हणजे पाया वर आला की बघायला जायचं, भोगवटा दाखले, म्हणजे घर झाल्यावर राहायला जायची परवानगी, अतिक्रमणाच्या नोटिसा, कोर्टाच्या तारखा. आणि सही केल्यावर पुढं काय होतं ते मी बघितलंय. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत पडली, सोळा माणसं गेली. गुन्हा नोंदवला त्यात बिल्डरबरोबर नगरपालिकेचे अधिकारीही होते. त्यानंतर कोण डोळे मिटून सही करेल?"

"डोळे मिटून करा असं कोण म्हणतंय?" मास्तर उसळलेच. "डोळे उघडून एकदाच बघा म्हणतोय. आणि मुंब्र्याला इमारत पडली त्याचं काय? ४ एप्रिल २०१३. चौऱ्याहत्तर माणसं मेली. त्या इमारतीला परवानगीच नव्हती! जो विचारायला येतो त्याच्या मानेवर बसायचं आणि जो न विचारता मजले चढवतो त्याच्याकडे बघायचं नाही, याला सुरक्षितता म्हणायची?"

यावर अण्णांना बोलता आलं नाही. ते चूक होते असं मला वाटत नाही. माणसं कमी आहेत हे खरंच आहे. पण माणसं कमी असतील तर एकच फाईल चार वेळा कशी तपासता? एकदा नीट तपासली तर तीन वेळचं काम वाचेल. हे मी बोलून दाखवलं, तेव्हा ताई म्हणाली, "त्या चार वेळांमुळेच तर यांचं सगळं सुरळीत चालतं. कायदा वाचलाय का कुणी?"

मग तिने जे सांगितलं, ते मी इथं मुद्दाम लिहून ठेवतोय. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

आपल्याकडे बांधकाम परवानगी एमआरटीपी कायद्याखाली मिळते. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याचं कलम ४५ सांगतं की अर्जावरचा निर्णय साठ दिवसांत कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. मात्र बांधकाम नियमात बसणारं पाहिजे. इथवर ऐकून दाद्या ताडकन उठला. "मग मला सात महिने झाले की!"

"बस. पुढचं ऐक. साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून, किंवा त्यांनी काही मागितलं असेल तर तू ते दिल्याच्या तारखेपासून. यातलं जे नंतरचं असेल ते."

कट्टा क्षणभर शांत झाला. म्हणजे प्रत्येक त्रुटीगणिक साठ दिवस पुन्हा एकपासून सुरू. पन्नासाव्या दिवशी एक ओळ लिहायची: रस्त्याची रुंदी दाखवा. घड्याळ मागं. चार त्रुटी म्हणजे आठ महिने, आणि तेही कायद्याच्या चौकटीत.

"आणि नाकारली तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं," ताई म्हणाली. "पण हे नाकारतच नाहीत. नकार लेखी दिला तर वर कारण सांगावं लागेल. त्रुटीला कुठलं अपील करणार?"

मला त्या क्षणी दाद्याच्या आईची आठवण झाली. गेल्या आठवड्यात भेटल्या तेव्हा विचारत होत्या, "कागद आला का रे?" त्या नकार आला का असं कधी विचारत नाहीत. त्यांना नकार आला असता तरी कळलं असतं की काय करायचं.

मास्तर म्हणाले, छोट्या घरांना सवलत आहे ना नव्या नियमांत? आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच नियमावली आली. तिच्यात तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला आर्किटेक्टच्या दाखल्यावर दहा दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे. आणि दाद्याचे तीन गुंठे म्हणजे तीनशे तीन. तीन चौरस मीटरनं बिचाऱ्याचं हुकलं. आपल्या बापजाद्यांनी जमीन गुंठ्यात वाटली. तीन गुंठ्यांचा तुकडा गावोगाव असतो, आणि सवलतीची रेघ नेमकी त्याच्या अलीकडे पडते, याचं मला फार वाईट वाटतं.

"तो कॅन्टीनजवळचा माणूस म्हणाला, पंधरा दिवसांत करून देतो," दाद्या हळूच म्हणाला. "आकडा पण सांगितला."

कुणी आश्चर्य दाखवलं नाही. अण्णा मात्र एकदम तापले. "द्यायचा नाही! एकदा दिलास की जोत्याला देशील, भोगवट्याला देशील. मी तिथं तीस वर्षं बसलोय, मला शिकवू नकोस."

"मग बिनपरवानगी बांधू? बँकेच्या कर्जाच्या मंजुरीची मुदत संपत आलीय, अण्णा. माझ्या गल्लीत तिघांनी तसंच बांधलं. कुणी विटेला हात लावला नाही."

"आज नाही लावला. विकायला निघालास, वाटणी करायला निघालास, की भोगवटा दाखला मागतील. आणि मध्येच कुणी तक्रार केली की नोटीस." ताईचा आवाज चढला होता. "तुझं बरोबर असताना तू चोरासारखं का बांधायचं?"

शेवटी तिथंच कागद काढला. मास्तरांचं अक्षर चांगलं, म्हणून लिहायला ते. ताईनं मजकूर सांगितला: पाणी साठवणीची अट आमच्या क्षेत्रफळाला लागू नाही, याची नोंद घ्यावी. आणखी काही त्रुटी असतील तर त्या सर्व एकाच पत्राने लेखी कळवाव्यात. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा उल्लेख तिनं मुद्दाम घालायला लावला. बांधकाम परवाना त्या कायद्याखालच्या सेवांमध्ये येतो, आणि विनाकारण उशीर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजारांपर्यंत दंड आहे.

अण्णा चष्मा लावून वाचत होते. "प्रति, नगर अभियंता असं लिहिलंय. ते खोडा. मुख्याधिकारी लिहा. अभियंत्याच्या नावानं दिलंत तर त्याच टेबलावर पडून राहील. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाचं पत्र आवक रजिस्टरला चढवावंच लागतं, मग ते शेरा मारून खाली पाठवतात. आणि दाद्या, दोन प्रती ने. दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आत जेवायला गेलेत म्हणाले तरी तिथंच उभा राहा."

मास्तरांनी कागद फाडला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतला.