लुळ्या मांड्यांचा विग्रह

शाळेत समासाचा विग्रह करताना माझा एकही गुण कधी गेला नव्हता, आणि ही मिजास घेऊनच मी ओस्लोत उतरले. नॉर्वेजियन माणूस शब्दाला शब्द चिकटवतो आणि मध्ये श्वास घ्यायलाही फट ठेवत नाही. रस्ता ओलांडण्याच्या पांढऱ्या पट्ट्यांना इथे 'फूटयेंगरओवरगांग' म्हणतात. रोमन लिपीत सलग १८ अक्षरे. 'फूटयेंगर' म्हणजे पादचारी आणि 'ओवरगांग' म्हणजे पलीकडे जाण्याची वाट. मी मात्र ते कित्येक महिने 'फूटयेंगरो वर्गांग' असे तोडत होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला मला एखादा त्वचारोग झाल्याचे वाटत असावे.

तोडण्यापेक्षा उच्चारणे अवघड. जोडशब्दात मुख्य आघात सहसा पहिल्या घटकावर पडतो, पुढच्याला दुय्यम आघातावर समाधान मानावे लागते, आणि दोघांना मिळून सूर एकच. आम्हा मराठी माणसांच्या जिभेला सगळी अक्षरे सारख्या मापाने वाढायची सवय. असला पंक्तिप्रपंच तिला जमत नाही.

ईस्टरला इथे कोकराची तंगडी भाजतात. तिचे नाव 'लाम्मेलोर': लाम म्हणजे कोकरू, लोर म्हणजे मांडी. पाहुणे येणार म्हणून मी मटणाच्या काउंटरवर गेले आणि दोन्ही घटकांना समान न्याय देत 'लाम्मे लोर' मागितले. दुर्दैवाने 'लाम' म्हणजे लुळा असाही अर्थ होतो, आणि अनेकवचनी तो 'लाम्मे' होतो. मी लुळ्या मांड्या मागत होते. काउंटरवरच्या गृहस्थाने वाकून माझ्या पायांकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाला, "मग तू लेगेवाक्तला जा." (तातडीच्या दवाखान्याचे हे नावही जोडशब्दच, आणि अरेतुरेचे म्हणाल तर इथे पंतप्रधानांनाही 'तू'च म्हणतात.)

शेजारच्या आजींनी उपाय सांगितला: शब्दाचा पहिला घटक म्हणताना टेबलावर थाप मारायची आणि उरलेला शब्द त्याच दमात घरंगळू द्यायचा. आठवडाभर मी स्वयंपाकघरातले टेबल बडवत होते. नवऱ्याला वाटले, मी भजनाला लागले.

पुढच्या ईस्टरला काउंटरच्या काचेवर हलकेच थाप मारून मी 'लाम्मेलोर' म्हटले. गृहस्थ खूश झाला आणि त्याने तंगडी बांधायला घेतली. तेवढ्यात माझी नजर त्याच्या डोक्यावरच्या फळ्याकडे गेली. खडूने लिहिले होते 'लाम्मे', मग चांगली चार बोटे मोकळी जागा, आणि मग 'लोर'. शब्द असा तोडून लिहिण्याच्या चुकीला नॉर्वेजियन लोक 'सॅरस्क्रीव्हिंग' म्हणतात आणि ती दिसली की त्यांचा तिळपापड होतो. मी विचारले, "फळा कोणी लिहिला?"

"मीच," तो अभिमानाने म्हणाला.