६ जीबी साफ झाले, मग मशीन गोठतं कशानं?

भाऊ, राम राम.

मोफत युटिलिटी सॉफ्टवेअरच्या माझ्या परीक्षणावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्लीनरला (कॉम्प्युटरमधल्या फालतू फाइली पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला) पाचपैकी एकच तारा दिला हा अन्याय झाला. अमळनेरच्या तुमच्या सेवा केंद्रातल्या जुन्या मशीनवर त्यानं एका क्लिकमध्ये ६ जीबी जागा काढली आणि मशीन पळायला लागलं. मी मात्र जी सॉफ्टवेअरं डोक्यावर घेतली ती ‘नुसते आकडे दाखवतात, करत काहीच नाहीत’. आणि शेवटी सहज लिहिलंत, ‘अधूनमधून अर्धा मिनिट गोठतं, पण जुनं आहे, चालायचंच.’

६ जीबी निघाले हे खरंच. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला की पेजफाइलला (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं त्या फाइलला) आणि अपडेटला जागा उरत नाही. ती मिळाली की मशीनला हायसं वाटतं. पण तेवढं काम विंडोज स्वतःच करतं: सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथल्या यादीत ‘डाउनलोड्स’ हाही एक चौकोन असतो, त्यावर टिक नको. गिऱ्हाइकांचे दाखले आणि पावत्या तिथेच पडलेल्या असतात. क्लीनर ब्राउझरच्या कुकीजही पुसतो, मग प्रत्येक पोर्टलवर नव्यानं लॉगिन आणि ओटीपीची वाट.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) शेकडो ‘चुका’ सापडल्या म्हणून घाबरू नका. बहुतेक त्या काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या मागे राहिलेल्या ओळी असतात. जागा नगण्य, वेगाशी संबंध नाही. पण त्यांच्याबरोबर डिजिटल सहीच्या टोकनची (सही साठवणाऱ्या पेनड्राइव्हसारख्या यंत्राची) किंवा बायोमेट्रिक यंत्राची ओळ गेली तर ड्रायव्हर पुन्हा टाकत बसा. शिवाय क्लीनरला अॅडमिनचे हक्क द्यावे लागतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत साइटवरून, खऱ्या डिजिटल सहीनिशी, पोटात मालवेअर घेऊन उतरली आणि सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत गेली.

आता ते ‘नुसते आकडे’. अर्धा मिनिट गोठणं हे वयाचं नव्हे, बहुधा हार्ड डिस्कचं दुखणं आहे. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोची झिप घ्या, इन्स्टॉल करावं लागत नाही. (स्टँडर्ड आवृत्तीच घ्या, शिझुकू आवृत्तीत कार्टूनमधली पोरगी पडद्यावर येते, काउंटरवर बरं दिसत नाही.) उघडल्यावर खराब सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) मोजणाऱ्या तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. सी५ म्हणजे डिस्कला धड वाचता न येणारे सेक्टर. असा सेक्टर आला की डिस्क तो पुन्हापुन्हा वाचू पाहते, तोवर विंडोज ताटकळतं आणि कॅबिनेटचा लाल दिवा पेटलेलाच राहतो. इथे हमखास फसगत होते ती आकड्याची: तो दहाच्या नव्हे, सोळाच्या पायावर (हेक्समध्ये) लिहिलेला असतो. शेवटी १० दिसलं तर सेक्टर १० नव्हे, १६. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन १० डीईसी निवडलं की साधा आकडा येतो. सी७ (केबलवरून माहिती येता-जाता झालेल्या चुकांची मोजणी) वाढलेला आणि बाकी तिन्ही शून्य असतील तर डिस्क नव्हे, साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला.

दुसरा संशय उन्हाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि पंखा कितीही फिरला तरी प्रोसेसर खोलीच्या हवेहून थंड होत नाही. त्यात जवळपास जिनिंग असेल तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांत कापसाची रुई नमद्यासारखी बसते. दुपारी तीनला लिब्रे हार्डवेअर मॉनिटर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून कमाल तापमानाचा रकाना बघा. १०० च्या आसपास गेलं की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. (नवी आवृत्तीच घ्या, जुनीतल्या ड्रायव्हरला विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर अडवतो.) ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला लेप) तुरीच्या दाण्याएवढी पुरते.

एक चूक मात्र माझी, तुमचं ‘सेवा केंद्र’ वाचल्यावर लक्षात आली. कोणत्या फाइली किती जागा खातात ते दाखवणारं विझट्री मी सरसकट ‘मोफत’ म्हणून सुचवलं. ते घरगुती वापरापुरतंच मोफत आहे, धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो. तुम्ही त्याच कामाचं विनडरस्टॅट वापरा, फाइली झिप करणाऱ्या सेव्हन-झिपसारखं तेही मुक्त आहे, धंद्यातही चालतं. गंमत म्हणजे सीक्लीनरची फुकट आवृत्तीही घरगुती वापरासाठीच असते.

मोबाइलचा वेग वाढवण्याचा दावा करणाऱ्या ‘रॅम बूस्टर’ अॅपबद्दल दोनच शब्द: तो जे अॅप बंद करतो ते घटकाभरात पुन्हा उठतं, आणि त्या उठबशीत बॅटरीच जाते. जागा हवी तर व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज उघडा, ५ एमबीहून मोठे व्हिडिओ आधी काढा.

क्लीनरचा तारा मी वाढवत नाही. आज संध्याकाळी सी५ तेवढा बघा. शून्य नसेल तर क्लीनर, डीफ्रॅग (फाइली सलग लावणारं), चेकडिस्क (डिस्क तपासणारं) काहीच चालवू नका, दुखऱ्या डिस्कला आणखी राबवणं होईल. आधी गिऱ्हाइकांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या, मगच शटर ओढा.